बंद केलं की सुरू होतं

वायरमनच्या हाताखाली नव्याने लागलेल्या पोराला पहिल्याच दिवशी बजावून सांगतात, आधी मेन पाडायचा आणि मगच वायरला हात लावायचा. घरातल्या बोर्डापुढे हा धडा पुरेसा असतो. सोसायटीच्या तळमजल्यावर किंवा रुग्णालयाच्या मागच्या आवारात, डिझेल जनित्राशेजारी उभ्या असलेल्या पत्र्याच्या पॅनलपुढे मात्र तो अर्धाच खरा आहे. तिथे मेन पाडला की वीज जाते आणि काही सेकंदांत दुसऱ्या बाजूने परत येते. माणसाने मुद्दाम मेन पाडला की बाहेरची लाईट गेली, हे त्या पॅनलला ओळखता येत नाही. बाहेरून येणारा दाब नाहीसा झाला की जनित्र सुरू करायचं आणि सगळा भार त्यावर टाकायचा, एवढंच त्याचं काम. ते काम पॅनल चोख बजावतं. आत कुणाचा हात आहे, हे त्याला कळत नाही.

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच, की स्वयंचलित चेंजओव्हरवर काम करताना वीज ‘बंद करण्याची’ कृती हाच दुसऱ्या स्रोताला जागं होण्याचा हुकूम असतो. हे एकदा नीट समजलं की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपसूक सुचतात.

यंत्रणा आधी पाहू. जुन्या पद्धतीत एक मोठा हँडल असलेला चेंजओव्हर स्विच असे. वर केला की महावितरणची वीज, खाली केला की जनित्राची, मध्ये ठेवला की दोन्ही बंद. लाईट गेली की वॉचमनने धावत जाऊन जनित्र सुरू करायचं आणि हँडल फिरवायचा. तेच काम आता कंट्रोलर करतो. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन मंडळी या सगळ्या पेटीला एएमएफ पॅनल म्हणतात, आणि तिच्यातला प्रत्यक्ष बाजू बदलणारा स्विच म्हणजे एटीएस. कंट्रोलर तिन्ही फेजचा दाब सतत मोजत असतो. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला किंवा एखादा फेज गायब झाला तर तो दोन-तीन सेकंद थांबतो, कारण लाईट नुसती लुकलुकली म्हणून जनित्र सुरू करण्यात अर्थ नसतो. मग बॅटरीवरून स्टार्टर फिरतो, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर येतं, ५० हर्ट्झ आणि ४१५ व्होल्ट स्थिर झाले की मेन्सची बाजू सुटते आणि जनित्राची बाजू जोडली जाते. हे सगळं साधारण दहा-पंधरा सेकंदांत उरकतं.

बाहेरची वीज आली की कंट्रोलर उलट दिशेने तितकी घाई करत नाही. काही मिनिटं ती टिकते का हे पाहतो, मग भार परत मेन्सवर टाकतो आणि इंजिन थंड होईपर्यंत रिकामं चालवून बंद करतो. म्हणजे बाहेरची वीज येऊनही जनित्र चालू असतं, आणि जनित्र बंद दिसत असलं तरी ते कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतं. इंजिनाचा आवाज नाही म्हणून धोका नाही, हा समज इथे सर्वांत घातक. पंख्याच्या पट्ट्याजवळ हात घालून कूलंट तपासणाऱ्यालाही हेच लागू आहे. लाईट जाण्याआधी कुणाला कळवून जात नाही.

आता या यंत्रणेतल्या सगळ्यांत मोलाच्या भागाकडे येऊ. तो म्हणजे इंटरलॉक. मेन्स आणि जनित्र एकाच वेळी एकाच बसबारला, म्हणजे भाराला वीज वाटणाऱ्या पट्टीला, जोडले जाता कामा नयेत. जोडले गेले तर दोन्हींच्या लहरी जुळलेल्या नसतात, त्यामुळे त्या क्षणी प्रचंड प्रवाह वाहतो, पॅनलमध्ये आर्क उठतो आणि जनित्राच्या कपलिंगला असा झटका बसतो की तो शाफ्टपर्यंत पोचतो. म्हणून चांगल्या पॅनलमध्ये दोन अडसर असतात. एक विद्युत अडसर, ज्यात एका कॉन्टॅक्टरच्या (कॉइलने ओढल्या जाणाऱ्या स्विचच्या) कॉइलची वीज दुसऱ्याच्या सहायक संपर्कातून जाते. दुसरा यांत्रिक, ज्यात एक बाजू आत गेली की लोखंडी पट्टी दुसरीला रोखून धरते. हा यांत्रिक अडसर का हवा? कारण जास्त प्रवाहाने कॉन्टॅक्टरची टोकं कधीकधी एकमेकांना वितळून चिकटतात. कॉइलची वीज गेली तरी कॉन्टॅक्टर सुटत नाही. अशा वेळी दुसऱ्या बाजूला अडवून धरायला लोखंडच उपयोगी पडतं. ‘कॉन्टॅक्टर अडकतोय’ म्हणून ही पट्टी काढून ठेवलेली पॅनल्स असतात. तसं पॅनल दिसलं तर बाकीचं काम नंतर, आधी ती पट्टी जागेवर.

इंटरलॉक पॅनलला वाचवतो तसा तो रस्त्यावरच्या माणसालाही वाचवतो, आणि हा भाग आपल्याकडे फार कमी बोलला जातो. आपल्या दाराशी जी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असते ती ११ हजार व्होल्टची वीज ४३३ व्होल्टवर उतरवते. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा नसते. लघुदाबाच्या बाजूने ४१५ व्होल्ट घातले की उच्चदाबाच्या बाजूला साधारण साडेदहा हजार व्होल्ट उभे राहतात. तीन फेजचं मोठं जनित्रच लागतं असंही नाही. डेल्टा-स्टार जोडणीत लघुदाबाच्या एका फेजच्या गुंडाळीला २३० व्होल्ट मिळाले तरी वरच्या बाजूच्या दोन तारांमध्ये दहा हजारांच्या आसपास दाब येतो. बहुतेक वेळा आजूबाजूच्या घरांचा भार पडून लहान जनित्र तिथेच मान टाकतं. पण वादळात तार तुटून डीपीवर आपलं एकच घर उरलं असेल, तर रिकामा ट्रान्सफॉर्मर चेतवायला फार शक्ती लागत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने कोकण किनाऱ्याला झोडपलं. खांब आडवे झाले, तारा झाडांखाली गेल्या, आणि कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. अशा वेळी लाईनमन खांबावर असतो आणि खाली गावात भाड्याची जनित्रं धडधडत असतात. खांबावरचा माणूस कामाचं परमिट घेतो, लाईन तोडणारा एबी स्विच उघडल्याची खात्री करतो आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ रॉड टाकून तारा जमिनीला जोडतो. उलट्या वाटेने आलेल्या विजेपासून त्याला वाचवतात ते हे रॉडच. पण त्याच्या जिवाची सगळी भिस्त रॉडवर ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. जनित्राची वीज आपल्या मीटरच्या बाहेर जाता कामा नये, ही आपली जबाबदारी आहे.

ही जबाबदारी मोडायचं सर्वांत सोपं साधन म्हणजे दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर. एक टोक पेट्रोलवरच्या लहान जनित्रात, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये, आणि ‘मेन पाडलाय’ हा एकमेव अडसर. मेन पाडायचा राहिला, किंवा घरातल्या कुणीतरी लाईट आली का पाहायला तो वर केला, की वीज थेट डीपीकडे निघते. शिवाय एक टोक सॉकेटमधून निसटलं तर उघड्या पिना जिवंत असतात. ही वायर करून देणाऱ्या इलेक्ट्रिशियनला कुणीही पैसे देऊ नयेत. मंडपातल्या, लग्नघरातल्या जनित्रालाही हाच न्याय. तात्पुरतं असो की कायमचं, मध्ये चेंजओव्हर हवाच.

आता प्रत्यक्ष पॅनल उघडण्याकडे वळू. हे काम शासनाचा वायरमन परवाना किंवा पर्यवेक्षक परवाना असलेल्या माणसाचंच आहे, हे आधी स्पष्ट करतो. सोसायटीच्या सेक्रेटरीने आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने मात्र ते कसं व्हायला हवं हे माहीत करून घ्यावं, म्हणजे घाई करणाऱ्याला थांबवता येतं.

काम सुरू होतं ते माणसांना सांगण्यापासून. लिफ्टमध्ये कुणी नाही याची खात्री करायची, लिफ्ट तळमजल्यावर आणून बंद ठेवायची. रुग्णालय असेल तर आयसीयू आणि शस्त्रक्रियागृहातल्या लोकांना वेळ ठरवून सांगायचं आणि त्यांच्या यूपीएसची बॅटरी भरलेली आहे का ते पाहायचं. मग पॅनलचा सिलेक्टर ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर आणायचा. ‘मॅन्युअल’ पुरेसा नाही, कारण मॅन्युअलमध्ये कुणी हिरवं बटण दाबलं की इंजिन सुरू होतंच. जनित्राच्या अंगावरचं लाल इमर्जन्सी स्टॉप दाबून ठेवायचं. त्यानंतर बॅटरीचा चार्जर बंद करायचा आणि मगच बॅटरीची ऋण वायर सोडवायची. चार्जर आधी का, तर चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि चालू चार्जरची वायर उपटताना ठिणगी पडते. स्टार्टरची बॅटरी १२ किंवा २४ व्होल्टची असते म्हणून तिला कुणी घाबरत नाही. पण ती शेकडो अँपिअर देऊ शकते. पाना धन टोकावरून बॉडीला टेकला तर तापून लाल होतो, आणि हातात अंगठी किंवा कडं असेल तर बोट भाजतं. कामाआधी अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवायचं.

बॅटरी सुटली की जनित्राचा ब्रेकर पाडून त्याला कुलूप. त्यानंतर, सगळ्यात शेवटी, मेन्सचा स्विच पाडून त्यालाही कुलूप. हा क्रम उलटा केला, म्हणजे मेन आधी पाडला, तर मधल्या काही सेकंदांत इंजिन सुरू होऊन बसतं. जनित्राला आधी झोपवायचं आणि मग मेन्सला हात घालायचा, हा क्रम पॅनलच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

कुलूप काम करणाऱ्याचं स्वतःचं आणि किल्ली त्याच्याच खिशात. दोघे काम करत असतील तर दोन कुलपं. याला उगाचचा बाऊ म्हणणारे भेटतात. त्यांनी सोसायटीत अर्धा तास लाईट गेल्यावर वॉचमनच्या फोनवर काय होतं ते पाहावं. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना लिफ्ट हवी असते, कुणाची ऑनलाइन मीटिंग सुरू असते, कुणाच्या टाकीतलं पाणी संपलेलं असतं. “काका, बघा ना जरा, मेन पडलाय वाटतं,” एवढं कुणी म्हटलं की भला माणूस जाऊन मेन वर करतो. त्यात त्याचा दोष नसतो. स्विचवर कुलूप आणि ‘माणसे काम करीत आहेत’ ही पाटी असती तर त्याचा हात थांबला असता.

कुलूप लावलं म्हणजे वीज गेली असंही धरायचं नाही, ते मोजायचं. खिशातला पेनासारखा निऑन टेस्टर या कामाला चालत नाही. उजेडात त्याचा दिवा दिसत नाही, कोरड्या पायाखाली रबर असेल तर तो लागत नाही, आणि शेजारच्या वायरमुळे उगाचही लुकलुकतो. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा योग्य दर्जाचा मल्टीमीटर घ्यायचा. तो आधी जिवंत असल्याचं माहीत असलेल्या जागी तपासायचा, मग पॅनलमध्ये प्रत्येक फेज न्यूट्रलशी, अर्थशी आणि इतर फेजशी मोजायचा, आणि शेवटी पुन्हा जिवंत जागी तपासायचा. मधल्या वेळात मीटरच बिघडला नाही ना, हे त्या शेवटच्या तपासणीने कळतं. मेन्स, जनित्र आणि भार अशा तिन्ही बाजूंना हे करायचं.

इथे दोन जागा बारकाईने पाहाव्या लागतात. पहिली, मेन्सचा स्विच पॅनलच्याच आत असेल तर त्याची वरची टोकं स्विच पाडल्यावरही जिवंतच राहतात. ती मारायची तर मीटररूममधला स्विच पाडावा लागतो. दुसरी, बऱ्याच जनित्रांच्या इंजिनाला आणि अल्टरनेटरला ओल धरू नये, थंडीत स्टार्ट अडू नये म्हणून हीटर लावलेले असतात, आणि त्यांची वीज अनेकदा वेगळ्याच बोर्डावरून येते. सगळं बंद केलं असं समजणाऱ्याला शॉक बसतो तो अशा अनोळखी वायरीतून. पॅनलचं सर्किट ड्रॉइंग दाराच्या आतल्या कप्प्यात हवं, ते याचसाठी.

न्यूट्रलविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्याला लोक निरुपद्रवी समजतात. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून आपल्याकडे अशी अट आहे की जनित्राचा न्यूट्रल दोन स्वतंत्र जोडण्यांनी अर्थ करायचा. जनित्राची बॉडीही दोन जागी अर्थ होते. म्हणजे जनित्राला साधारण चार अर्थिंगचे खड्डे लागतात. डीपीचा न्यूट्रल वेगळा, तिथे अर्थ केलेला. अशा दोन न्यूट्रलना एकत्र बांधून ठेवलं तर प्रवाह जमिनीतून भलत्या वाटेने फिरतो आणि गळती ओळखणारी साधनं गोंधळतात. म्हणून आपल्याकडे तीन फेजसोबत न्यूट्रलही बदलणारा चार पोलचा चेंजओव्हर वापरतात. पण त्यासोबत एक नवी जोखीम येते. न्यूट्रलचा पोल नीट बसला नाही किंवा त्याचा लग कंपनांनी सैल झाला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरं ४१५ व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या घरात फक्त टीव्ही सुरू आहे तिथे दाब २३० वरून तीनशे-साडेतीनशेच्या पुढे चढतो. सोसायटीत एकाच संध्याकाळी अनेक फ्रीज, टीव्ही जळाले की पहिला संशय सैल न्यूट्रलवर घ्यावा. चालू भारावर न्यूट्रलचा बोल्ट कधीही सैल करायचा नाही. सुटलेल्या न्यूट्रलच्या टोकावर पूर्ण दाब येतो, आणि तो नेमका हातात असतो.

केबल सोडवून पुन्हा जोडली असेल तर फेजचा क्रम तपासल्याशिवाय भार टाकू नये. दोन फेज उलटे झाले की मोटरी उलट्या फिरतात. लिफ्टचा रिले ते ओळखून लिफ्ट थांबवतो, त्यामुळे चूक लगेच कळते. आग विझवण्याच्या पंपाची गोष्ट अधिक वाईट. उलटा फिरणारा सेंट्रिफ्युगल पंपही थोडं पाणी देत राहतो, फक्त दाब फार कमी असतो. चाचणीत कुणी दाबमापक पाहिला नाही तर ही चूक आगीच्या दिवशी उघड होते.

अलीकडे गच्च्यांवर सौर पॅनल्स आली आहेत आणि २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेमुळे त्यांची संख्या वाढते आहे. सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतः बंद होतो, हे खरं. पण त्याच बसबारवर जनित्र सुरू झालं की त्याला पुन्हा नीट दाब आणि ५० हर्ट्झ दिसतात, आणि तो जागा होतो. दुपारी भार कमी असेल तर सौरवीज जनित्रात उलटी घुसते, दाब चढतो, जनित्र ट्रिप होतं किंवा त्याची नासाडी होते. सौरजोडणी करताना जनित्र चालू असेल तेव्हा ती तुटेल किंवा मर्यादेत राहील अशी व्यवस्था मागून घ्या. पॅनलवर काम करणाऱ्याच्या दृष्टीने सौर हा तिसरा स्रोत, घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर हा चौथा. प्रत्येकाला वेगळं बंद करावं लागतं.

धुराबद्दल एवढंच, की कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. दुकानाच्या आत, शटर अर्धं ओढून, जिन्याखाली जनित्र चालवणं म्हणजे आतल्या माणसांना गुदमरवणं. ते उघड्यावर हवं आणि त्याचा धूर कुणाच्या खिडकीकडे जाता कामा नये.

चाचणीचा विषय राहिला. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, आणि कोविडच्या ऐन दिवसांत रुग्णालयं जनित्रांवर आली. अशा दिवशी जनित्र सुरू झालं नाही तर कारण बहुधा साधंच असतं. बॅटरी उतरलेली, डिझेल संपलेलं, किंवा गेल्या दुरुस्तीनंतर सिलेक्टर ‘ऑफ’वरच राहिलेला. या तिसऱ्या कारणाचा संबंध आपल्या विषयाशी थेट आहे. सुरक्षित काम म्हणजे नीट बंद करणं जितकं, तितकंच ते परत नीट सुरू करणंही. हत्यारं मोजायची, दारं लावायची, कुलपं काढून मेन्स द्यायचा, जनित्राचा ब्रेकर वर करायचा, बॅटरी जोडायची, चार्जर चालू करायचा, इमर्जन्सी स्टॉप सोडवायचं, सिलेक्टर ‘ऑटो’वर आणायचा आणि सर्वांना सांगून एकदा खरोखर मेन्स पाडून पाहायचा. महिन्यातून एकदा ही चाचणी प्रत्यक्ष भारावर करावी. डिझेल इंजिन वारंवार रिकामं चालवलं की अर्धवट जळालेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साचतं आणि इंजिन हळूहळू निकामी होतं, म्हणून पाच मिनिटं नुसतं धडधडवून बंद करणं ही चाचणी नव्हे.

तुमच्या इमारतीत असं पॅनल असेल तर या आठवड्यात खाली जाऊन तीन गोष्टी बघा. सिलेक्टर ऑटोवर आहे का, दाराच्या आत सर्किट ड्रॉइंग आहे का, आणि काम करणाऱ्यासाठी कुलूप व पाटी ठेवलेली आहे का. पॅनलचं दार उघडायला परवानाधारक माणसाला सोबत न्या, स्वतः आत हात घालू नका. यातलं काही नसेल तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ते घ्या, आणि कुलपाचे पैसे मंजूर करून घ्या.